दोष कुणाचा, हे बाजूला ठेवून

नवरा-बायको पहिल्यांदा समुपदेशकाकडे जातात तेव्हा दोघांच्याही मनात बहुधा एकच विनंती असते: आमच्या माणसाला जरा समजावून सांगा. एकट्याने जाणाऱ्याची मागणीही फारशी वेगळी नसते, फक्त तिथे फिर्यादी आणि आरोपी एकच असतो. माझंच काहीतरी चुकतं, मीच कमकुवत आहे, मला सुधारा. दोन्हीकडे अपेक्षा असते ती निवाड्याची, आणि चांगला थेरपिस्ट नेमका तोच द्यायचं टाळतो. पुष्कळांचा इथे हिरमोड होतो. पैसे मोजले, तासभर बोललो, आणि चूक कुणाची ते काही सांगितलंच नाही, असं म्हणत काही जण दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. माझ्या मते इथे मोठी गफलत होते. निवाडा बाजूला ठेवून माणसाकडे करुणेने पाहणं म्हणजे थेरपिस्टचं सौजन्य, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो उपचाराचाच कामाचा भाग आहे. त्याची परीक्षा झालेली आहे, तो शिकता आणि शिकवता येतो, आणि दिसतो त्यापेक्षा बराच कडक असतो.

या विचाराचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी घातला. १९५७ साली एका निबंधात त्यांनी मांडलं, की माणसात बदल घडायचा तर थेरपिस्टकडून मुख्यतः तीन गोष्टी लागतात: समोरच्याचं जग त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, त्याचा विनाअट स्वीकार, आणि मुखवटा न चढवता केलेलं खरं वागणं. एवढं असलं की पुरे, असंही त्यांचं म्हणणं होतं. हा शेवटचा दावा पुढे टिकला नाही. मंत्रचळ किंवा तीव्र भयगंड असेल तर नेमकी तंत्रं लागतात, नुसत्या स्वीकाराने हात पुन्हा पुन्हा धुणं थांबत नाही. पण स्वीकाराखेरीज ती तंत्रंही नीट लागू पडत नाहीत, हा भाग टिकला. २०१८ साली २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३०,००० हून जास्त लोकांचे उपचार मोजलेले होते. थेरपिस्टवरचा विश्वास आणि 'आपण कशावर, कसं काम करतोय' याबद्दलचं एकमत जितकं पक्कं, तितका फायदा अधिक, मग उपचाराची पद्धत कुठलीही असो, असं त्यात दिसलं. हा संबंध मध्यम ताकदीचा आहे. कुणाला गुण जास्त येतो, कुणाला कमी, या फरकातला साधारण आठ टक्के भाग त्यातून उलगडतो. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण दोन मान्यताप्राप्त पद्धती समोरासमोर ठेवल्या तर त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा त्याहूनही कमी भरतो. यावर एक रास्त शंका घेता येते: ज्याला बरं वाटू लागतं त्याला थेरपिस्टही आवडू लागत असेल, मग आधी काय आणि नंतर काय? सेशनमागून सेशन मोजत गेलेल्या अभ्यासांनी हा गुंता बराचसा सोडवला आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत नेतात. बरं वाटल्याने विश्वास वाढतो हे खरं, पण आज विश्वास वाढला तर पुढच्या भेटीपर्यंत त्रास कमी झालेला दिसतो, हेही तितकंच खरं.

असं का व्हावं, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या कामात मिळतं. विचारांतल्या चुका शोधून त्या दुरुस्त करणाऱ्या उपचारपद्धतीत काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की काही रुग्णांना तर्क पूर्ण पटतो, तरी मन ढिम्म हलत नाही. 'मी अगदीच निरुपयोगी नाही, मला नोकरी आहे, मुलं माझ्यावर जीव टाकतात' हे वाक्य ते बिनचूक म्हणत. पण ते मनात कोणत्या आवाजात म्हणता, असं विचारल्यावर कळायचं, की आवाज खेकसणारा असायचा. नोकरी आहे ना, मुलं आहेत ना, मग रडतोस कशाला! शब्द धीराचे, सूर मारक्या मास्तरांचा. मराठी वाचकाला हे चटकन उमगावं. कि. मो. फडके यांच्यामुळे आणि पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती आपल्याकडे घरोघरी पोचली, आणि त्या पद्धतीतही स्वतःचा विनाअट स्वीकार मध्यभागी आहे. पण आपण त्यातला विवेक उचलला आणि स्वीकार बऱ्याचदा मागे ठेवला, असं मला वाटतं. गिल्बर्ट यांनी भावनांच्या तीन यंत्रणा कल्पिल्या: धोका ओळखणारी, मिळवण्यामागे धावणारी आणि शांतवणारी. मेंदूचं हे ढोबळ चित्र आहे, शरीरशास्त्रातला नकाशा म्हणून ते घेऊ नये. पण उपचारासाठी ते उपयोगी पडतं. धोक्याची यंत्रणा पेटलेली असताना माणूस नवं शिकत नाही, लढतो, पळतो किंवा गोठतो. आणि धोका बाहेरून आलेला असो की स्वतःच्याच मनातल्या खेकसण्यातून, शरीराची धडधड तीच. म्हणून या पद्धतीत संथ श्वास, बसण्याची ठेवण, आवाजाचा पोत आणि स्वतःला मायेने लिहिलेलं पत्र यांचा सराव करून घेतात. पटलेलं वाक्य ऐकू येईल इतकी शांतता आधी आत तयार करावी लागते.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप म्हणजे लाड. स्वतःला माफ करत बसलं की माणूस सैलावतो, छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी ती समजूत प्रयोगात तपासून पाहिली. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दपरीक्षा दिली आणि बहुतेकांना ती कठीणच गेली. मग काहींना सुचवलं, की असं अनेकांचं होतं, स्वतःवर कठोर होऊ नका. काहींना त्यांच्या हुशारीची आठवण करून दिली. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. पुढच्या परीक्षेच्या तयारीला हवा तेवढा वेळ घ्या म्हटल्यावर सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. प्रयोग छोटा होता आणि एका खोलीतल्या एका दुपारवरून आयुष्याचे नियम काढता येत नाहीत, हे मान्य. तरी त्यामागचं कारण विचार करण्यासारखं आहे. चूक कबूल केली की शिक्षा ठरलेली, असं ज्याला वाटतं तो चुकीकडे पाहायलाच तयार नसतो. तो सबबी शोधतो, विषय बदलतो, नाही तर प्रयत्नच सोडून देतो. चूक बघण्याचं बळ यायला आधी सुरक्षित वाटावं लागतं. या अर्थाने करुणा माणसाकडून जास्तच मागते.

जोडप्यांच्या बाबतीत हे सगळं दुप्पट होतं, कारण तिथे दोघं एकमेकांचा सर्वांत मोठा आधार असतात आणि सर्वांत जवळचा धोकाही. जेम्स कोन या संशोधकाने २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. घोट्याला विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता आहे, असं त्यांना खुणेने कळत असे. त्या वेळी कधी नवऱ्याने हात धरलेला असे, कधी अनोळखी पुरुषाने, कधी कुणीच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याशी निगडित हालचाली सर्वांत कमी झाल्या, आणि ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि आई यांच्यातल्या सुरक्षिततेच्या नात्याबद्दल जे सांगितलं ते मोठ्या माणसांनाही लागू आहे, असं कॅनडातल्या सू जॉन्सन १९८० च्या दशकापासून म्हणत आल्या होत्या, आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांच्यासोबत त्यांनी भावनाकेंद्री दांपत्योपचाराची पद्धत बांधली. पुढे जॉन्सन आणि कोन यांनी मिळून हाच प्रयोग दुरावलेल्या जोडप्यांवर उपचारांच्या आधी आणि नंतर केला. आधी ज्या हाताचा काही उपयोग होत नव्हता तोच हात नंतर मेंदूला शांतवू लागल्याचं दिसलं. जोडपी थोडी होती आणि उपचार न घेतलेला तुलनेचा गट नव्हता, तेव्हा याला अखेरचा पुरावा म्हणता येणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

खोलीत प्रत्यक्ष काय घडतं ते जवळून पाहिलं तर हे अधिक कळेल. अशा सेशनमधला नेहमीचा प्रसंग घ्या. ती म्हणते, "तुला माझ्याशी बोलायचंच नसतं." तो खाली बघतो, हातातल्या मोबाइलचं कव्हर काढतो, घालतो. निवाडा करायचा तर दोन्ही बाजूंनी करता येईल: तिने आरोप केला, त्याने दुर्लक्ष केलं. थेरपिस्ट तिथे न जाता वेग कमी करतो. "त्या हे बोलल्या तेव्हा तुमची नजर खाली गेली. त्या क्षणी आत काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही." थेरपिस्ट थांबून राहतो. थोड्या वेळाने, "आता मी काहीही बोललो तरी चुकणारच. म्हणून गप्प बसतो." मग तिला विचारलं जातं, त्यांचं गप्प बसणं तुमच्यापर्यंत काय म्हणून पोचतं? ती म्हणते, "मी असले काय, नसले काय, सारखंच." हे दोघांनीही बहुधा एकमेकांच्या तोंडून कधी ऐकलेलं नसतं. तो भांडण वाढू नये म्हणून गप्प होतो, त्या गप्प होण्याने तिला परकं वाटतं, म्हणून ती आवाज चढवते, चढलेल्या आवाजाने तो आणखी आत शिरतो. ही घसरण सुरू कुठे झाली हे शोधून हाती काही लागत नाही, कारण ती गोल आहे. थेरपिस्टने दोघांचं बोट एकमेकांवरून काढून या चक्राकडे वळवलं, की पहिल्यांदाच दोघं एका बाजूला येतात. यात कुणाचंही वागणं बरोबर ठरवलेलं नाही. त्याला पुढे बोलायला शिकावंच लागतं, तिलाही आरोपाऐवजी गरज सांगायला शिकावं लागतं, आणि हे शिकणं कष्टाचं असतं.

दोष बाजूला ठेवला तर वागणं बदलेल का, याची तपासणी अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत झाली. नील जेकबसन हे वर्तनवादी दांपत्योपचाराचे आद्य प्रवर्तक होते. तू हे कर, मी ते करतो, अशा देवाणघेवाणीच्या याद्या करून घेण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, आणि आपल्याच पद्धतीचा परिणाम पुष्कळ जोडप्यांत टिकत नाही हे त्यांनीच उघडपणे मांडलं. मग अँड्र्यू क्रिस्टेनसन यांच्यासह त्यांनी स्वीकारावर भर देणारी नवी पद्धत रचली: काही फरक कधीच मिटायचे नाहीत, त्यांच्यासकट एकमेकांना समजून घ्या. दोन्ही पद्धती १३४ जोडप्यांवर पडताळल्या गेल्या. ही सगळी दीर्घकाळ आणि गंभीर तणावात असलेली जोडपी होती. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत साधारण निम्मी जोडपी ठळकपणे सुधारलेली होती, आणि चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक विभक्त झाली होती. सुरुवातीला नव्या पद्धतीला जी थोडी आघाडी होती ती पाच वर्षांत पुसट झाली. म्हणजे स्वीकाराची पद्धत जिंकली, असं मला म्हणता येत नाही. पण दोषारोप आणि करारमदार बाजूला ठेवले तर माणसं बेफिकीर होतील, ही भीती मात्र त्यातून निकालात निघाली. आणि निम्म्या जोडप्यांना पुरेसा उपयोग झाला नाही, हेही या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगायला हवं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो बायकांच्या बाजूने येतो. 'समजून घे' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तिलाच सांगितलं गेलं. टाळी एका हाताने वाजत नाही, ही म्हण मार खाणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकली गेली. मग करुणा आणि चक्र यांची भाषा करणारी थेरपी म्हणजे तोच जुना उपदेश नव्या कपड्यात नव्हे का? ही शंका खोडून काढण्याजोगी नाही, ती सोबत बाळगण्याजोगी आहे. म्हणूनच जबाबदार थेरपिस्ट सुरुवातीला दोघांशी स्वतंत्रपणे, बंद दाराआड बोलतो आणि मारहाण, धमकी, पैशांवरचा ताबा, पाळत यांबद्दल थेट विचारतो. एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल तर एकत्र सेशन घेत नाहीत, कारण खोलीत खरं बोलल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. हिंसा हा दोघांनी मिळून घातलेला गोल नव्हे. तिची जबाबदारी करणाऱ्याची. तिथे आधी सुरक्षितता, म्हणजे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाइन, राहण्याची सोय. थेरपीचा विचार त्यानंतर, आणि तोही वेगवेगळा. करुणेने वागणारा थेरपिस्ट मारणाऱ्याचंही बालपण समजून घेऊ शकतो, पण त्यामुळे मारणं क्षम्य होत नाही. दुसरी गोष्ट, लग्न टिकवणं हे थेरपीचं ध्येय नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समेटाच्या प्रयत्नावर भर आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांमधले विवाह समुपदेशक ते काम करतात. थेरपीची चौकट वेगळी. एकमेकांना ओरबाडून न काढता, मुलांना मध्ये न ओढता विभक्त होता आलं, तर तेही चांगलं काम झालं असं तिथे धरलं जातं.

'समग्र' उपचारांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण या पाटीखाली बरंच काही विकलं जातं. जॉर्ज एंगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ साली मांडलं, की आजार शरीर, मन आणि समाज या तिन्हींमध्ये मिळून घडतो. समग्रतेचा खरा अर्थ इतकाच. बाई थकलेली, उदास, चिडचिडी आहे म्हटल्यावर तिचं थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-बारा तपासून घेणं, झोप किती मिळते, रात्रपाळी आहे का, घरात दारू आहे का, कर्जाचा हप्ता कोण भरतं, हे विचारणं. थायरॉइड मंदावल्यामुळे आलेलं औदासीन्य बालपणात शोधत बसण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आहारालाही यात जागा आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६७ जणांच्या एका चाचणीत १२ आठवडे आहार सुधारल्यावर जवळजवळ एकतृतीयांश लोकांचं नैराश्य ओसरलं, तर नुसती सोबत मिळालेल्या गटात ते प्रमाण आठ टक्के होतं. चाचणी लहान होती, आणि कोण कोणत्या गटात आहे हे सहभागींना ठाऊक होतं, म्हणून ताटावर सगळी भिस्त ठेवू नये. मात्र समग्रतेच्या नावाखाली कुणी गोळ्या बंद करायला सांगत असेल तर तिथून उठावं. मध्यम आणि तीव्र नैराश्यात औषध आणि थेरपी दोन्ही मिळून दिल्यास एकेकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो, असं एकत्रित अभ्यास सांगतात. वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारात किंवा उन्माद-नैराश्याच्या आजारात तर औषध अचानक थांबवणं धोक्याचं ठरतं.

हे सगळं शहरातल्या पैसेवाल्यांसाठी, असं म्हणणाऱ्यांना गोव्याकडे बोट दाखवता येतं. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहिलेले आढळले. इतकी मोठी दरी तज्ज्ञ भरून काढतील, हे शक्यच नाही. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेने दुसरी वाट धरली. मानसशास्त्राचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार, उरलेल्यांना त्याखेरीज सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या, गरज पडल्यास घरी जाऊन. भेटींत करायचं काम साधं होतं: काय केल्यावर जरा बरं वाटतं ते मिळून शोधायचं, ते दिवसाच्या वेळापत्रकात बसवायचं, अडलं कुठे ते पुढच्या वेळी बघायचं, घरातल्या माणसाला सोबत घ्यायचं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. माझ्या विषयासाठी मला त्यातली आणखी एक नोंद मोलाची वाटते: या उपचारांनंतर स्त्रियांना जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी नोंदली गेली. कारण त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही, पण एका माणसाला सावरलं की घरातलं काहीतरी बदलतं, इतकं त्यावरून म्हणता येईल. या समुपदेशकांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण होत असे आणि सहकारी बसून ते ऐकत, गुण देत, कुठे ऐकणं सुटलं आणि उपदेश सुरू झाला ते दाखवत. करुणेने ऐकणं हा काही मोजक्यांच्या स्वभावातला गुण असता तर हे जमलं नसतं.

ज्याला जायचं आहे त्याने पहिल्या भेटीत काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि विचारताना संकोचू नये. समोरच्याचं शिक्षण काय, नैदानिक मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात का, आणि चार-सहा भेटींनंतर उपयोग होतोय का हे कसं ठरवणार. पैशांची किंवा अंतराची अडचण असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मोफत मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जोडप्याने मात्र एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: आमच्यापैकी एकाने एकट्याने तुम्हाला सांगितलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्यापासून लपवाल का? काही थेरपिस्ट अशी गुपितं ठेवत नाहीत, काही ठेवतात आणि ती कुणी, कधी, कशी उघड करायची ते त्या माणसाशी बोलून ठरवतात. दोन्ही रीती चालतात, फक्त कुठली पाळली जाणार हे दोघांना सुरुवातीलाच, शक्य तर लेखी, माहीत असावं.